जंगल कोणाच्या सहीने वाचते?

महाराष्ट्रात जंगलावरचा वाद वर्षातून दोनदा पेटतो. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला माणसे जंगलात शिरतात, वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात, वणवे लागतात. मग एक बाजू म्हणते की या लोकांना बाहेर काढल्याशिवाय जंगल वाचणार नाही. दुसरी बाजू उत्तर देते की आदिवासी हेच जंगलाचे खरे राखणदार आहेत, त्यांना शहाणपण शिकवू नका. पाऊस सुरू झाला की वाद वृक्षारोपणाकडे वळतो. किती कोटी रोपे लावली, किती जगली, पैसा कुठे गेला यावर महिनाभर घमासान होते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सारे शांत. या सगळ्या गदारोळात बोलले जाते ते माणसांच्या स्वभावाबद्दल. गावकरी चांगला की वाईट, वनरक्षक प्रामाणिक की भ्रष्ट, आदिवासी निसर्गप्रेमी की अतिक्रमणखोर. निर्णय कोणाचा आणि तो चुकला तर भोगणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. जंगल तिथे टिकते, जिथे त्याच्या कडेला राहणाऱ्या गावाला त्या जंगलाबाबत ‘नाही’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार असतो, जंगल टिकल्यास त्याचे उत्पन्न गावाच्या हाती येते आणि प्रत्येक निर्णयाचा हिशेब ग्रामसभेत उघड द्यावा लागतो. यातले एक जरी गळले तरी बाकीचे फार काळ तग धरत नाही. सामाजिक वनीकरणाने गावाला मजुरी दिली, अधिकार दिला नाही. गाव आणि वनखाते यांनी मिळून जंगल राखायच्या संयुक्त वनव्यवस्थापनाने समिती दिली, पण समितीचा सचिव वनखात्याचा ठेवला. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा गावाला पूर्ण वाटा देऊ केला, आणि नेमक्या त्याच कायद्याला आज जंगलाचा शत्रू ठरवले जात आहे. ते चूक आहे असे मला वाटते. पण त्या आरोपात काही तथ्य आहे, आणि ते बाजूला सारून केलेला युक्तिवाद लंगडाच राहील.

जंगल सरकारचे आणि गावकरी त्यातला चोर, ही व्यवस्था अनादी काळापासून चालत आलेली नाही. इंग्रजांनी १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला आणि १८७८ मध्ये त्याहून कितीतरी कडक. त्या वेळी खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांत एकमत नव्हते. देशाचे पहिले वन महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस यांचा आग्रह होता की गावांसाठी वेगळी ग्रामवने राखून ठेवावीत. दुसरे इंग्रज अधिकारी बेडन-पॉवेल यांचे म्हणणे होते की मालकी निर्विवादपणे सरकारचीच हवी. लोकांना मिळेल ती सवलत, हक्क नव्हे. बेडन-पॉवेल जिंकले. ग्रामवनाची तरतूद कायद्यात शोभेपुरती उरली. १९२७ च्या कायद्यात ती कलम २८ म्हणून आजही आहे आणि तिचा वापर क्वचितच झाला. या व्यवस्थेने काय केले हे जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते: डोंगर, टेकड्या, दऱ्याखोरी आणि गायराने वनखात्यात कोंबल्यामुळे शेतकऱ्याला शेळी चारायलाही जागा उरली नाही. पुढे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह समुद्रापासून दूरच्या भागात जंगल सत्याग्रह म्हणून अवतरला. पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बिळाशीचे लोक उठले. २५ सप्टेंबरला आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरजवळ अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला आणि सत्याग्रही धारातीर्थी पडले. स्वातंत्र्यानंतर आपण त्यांची स्मारके उभारली. ज्या कायद्याविरुद्ध ते उठले होते, तो मात्र जवळपास तसाच चालू ठेवला.

याच काळात आजच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये वेगळे घडले, आणि ते आपल्या वादात क्वचित येते. जंगले राखीव केल्याच्या रागात तिथल्या लोकांनी १९२१ मध्ये चीडची (पाइनची) जंगले पेटवून दिली. सरकारने खटले भरलेच, पण तक्रारींसाठी समितीही नेमली, आणि त्यातून १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. गावाने निवडलेली पंचायत, तिच्या ताब्यातले जंगल, चराईचे आणि सरपणाचे तिचे नियम. ज्या लोकांनी दहा वर्षांपूर्वी जंगल पेटवले, तेच आता राखणदार ठेवून त्याची मजुरी वर्गणीतून देऊ लागले. या दहा वर्षांत त्यांचा स्वभाव बदलला होता काय? बदलले होते ते जंगलाशी त्यांचे नाते. उत्तराखंडात आज अकरा-बारा हजार वन पंचायती आहेत. स्वातंत्र्यानंतर त्यांचे अधिकार सरकारने टप्प्याटप्प्याने कातरले, त्यामुळे त्यातल्या अनेक आज नावापुरत्या आहेत. अधिकार कातरल्यावर काय होते, हेही त्यांच्याकडूनच शिकता येते.

आता सामाजिक वनीकरणाकडे वळू, कारण लोकसहभाग म्हटले की अजूनही तेच आठवते. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने त्याची शिफारस केली ती कशासाठी? गावाची सरपण-चाऱ्याची गरज गावच्याच पडीक जमिनीवर भागवावी, म्हणजे सरकारी जंगल उद्योगांच्या लाकडासाठी मोकळे राहील. गावाला जंगलापासून लांब ठेवणे हा त्या योजनेचा पायाच होता. महाराष्ट्रात १९८२ पासून त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, परदेशी मदतही आली. रोपवाटिका झाल्या, रस्त्याकडेला आणि कालव्याकडेला झाडे लागली, शाळाशाळांत रोपे वाटली गेली. त्यातले बरेच काम मनापासून झाले आणि त्यात राबलेल्या कर्मचाऱ्यांचे श्रेय मी नाकारत नाही. आज सावली देणारी कितीतरी झाडे त्यांचीच आहेत. पण कोणते झाड लावायचे हे गावाने ठरवले नव्हते. नीलगिरी आणि सुबाभूळ लवकर वाढतात, उद्दिष्ट भरायला सोयीचे. नीलगिरीचा पाला जनावर खात नाही, म्हणून राखणीचा खर्च वाचतो. आणि जनावर खात नाही म्हणूनच ती गावाच्या काही कामाची नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात १९८३ मध्ये शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली नीलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी चिंच-आंब्याच्या बिया लावल्या. सहभागाची संधी मिळाली असती तर काय मागितले असते, हे त्यांनी कृतीनेच दाखवून दिले. आपल्याकडे गायरानात लावलेल्या झाडांचा हिशेब ग्रामपंचायतीकडे यायचा होता. किती ठिकाणी तो आला?

त्यापुढची पायरी म्हणजे कोट्यवधींच्या मोहिमा. राज्याने २०१६ मध्ये दोन कोटी रोपांपासून सुरुवात केली आणि चार, तेरा असे करत २०१९ मध्ये तेहतीस कोटींचे उद्दिष्ट ठेवले. या मोहिमेतल्या गैरव्यवहाराच्या चर्चेत मला शिरायचे नाही. समजा प्रत्येक खड्डा खरा होता आणि प्रत्येक रोप जगले. तरी त्याला जंगल म्हणता येईल का? कोकणापासून गडचिरोलीपर्यंत उजाड दिसणाऱ्या वनजमिनीत सागाचे, तेंदूचे, ऐनाचे, धावड्याचे जिवंत खोड जमिनीखाली असते. दर वर्षी त्याला फुटवे येतात आणि दर वर्षी ते वणव्यात जळतात किंवा शेळीच्या तोंडी जातात. चार-पाच वर्षे आग आणि चराई थोपवली की तेच फुटवे डोक्याच्या वर जातात. ना खड्डा लागतो, ना रोपवाटिका, ना टँकर. लागते ती रोजची राखण, आणि राखण मोहिमेत बसत नाही. तिचे उद्घाटन करता येत नाही. शिवाय पुणे, नगर, सोलापूरच्या माळरानांवर झाडांचे खड्डे खणणे म्हणजे लांडगा, चिंकारा, माळढोक आणि तणमोर यांचे घर मोडणे. ते गवताचे रान आहे, पडीक जमीन नव्हे, हे तिथल्या धनगराला विचारले असते तर त्याने सांगितले असते. त्याला कोणी विचारले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेऊ, आणि तेही त्याच्या सर्वांत भक्कम स्वरूपात.

पहिला आक्षेप अतिक्रमणाचा. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली. त्या दिवशी ताब्यात असलेली शेतजमीनच नावावर होऊ शकते. तरीही कायदा आल्यानंतर काही भागांत नवे जंगल तोडून जुनी वहिवाट दाखवण्याचे प्रकार झाले, आणि त्यात स्थानिक पुढाऱ्यांचा हात होता. हे मान्य करायला हवे. उपग्रहाच्या चित्रांत जे दिसते ते आदिवासींच्या नावाने झाकण्यात अर्थ नाही, कारण त्या तोडीत सर्वांत आधी गरीब आदिवासीचेच जंगल गेलेले असते. पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. वैयक्तिक वनहक्क म्हणजे एका कुटुंबाची कसती जमीन. सामूहिक वनहक्क म्हणजे गावाच्या पारंपरिक सीमेतले जंगल, जे जंगलच राहते. त्यात शेती करता येत नाही, ते विकता येत नाही, आणि कलम ५ नुसार ते राखण्याची जबाबदारी ग्रामसभेवर येते. अतिक्रमणाला तोडगा हवा असेल तर तो नेमका इथे आहे. सरकारी जंगलात कोणी रातोरात दोन एकर साफ केले तर ते फक्त वनरक्षकाचे नुकसान, आणि त्याच्या एका बीटात, म्हणजे राखणीच्या हद्दीत, हजारो एकर येतात. गावाच्या जंगलात तसे झाले तर शेजाऱ्याचा तेंदू, मोह आणि बांबू गेलेला असतो. तो गप्प बसेल का? वैयक्तिक दावे झपाट्याने निकाली काढायचे आणि सामूहिक दावे रखडवायचे, हे धोरण बऱ्याच जिल्ह्यांत वर्षानुवर्षे चालले. गावागावांत तुकडे पडले आणि त्या तुकड्यांवर नजर ठेवणारे गाव उभेच राहिले नाही. हे पाप कायद्याचे नाही, त्याच्या अर्धवट अंमलबजावणीचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: लोक निसर्गतः राखणदार नसतात. मला हा पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे थांबवावे. मोहफुले स्वच्छ जमिनीवरून वेचायला सोपी जातात म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारे हात गावातलेच असतात, आणि वाऱ्याने ती आग डोंगरभर जाते. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणून वणवा लावणारेही जंगलातलेच. देवरायांचे दाखले आपण अभिमानाने देतो. सह्याद्रीत त्या आहेत आणि त्यांनी कितीतरी दुर्मीळ वृक्ष वाचवले, हे खरेच. पण श्रद्धेचा धाक सैल झाल्यावर देवळाच्या जीर्णोद्धारासाठी त्याच देवराईतली झाडे विकणारेही गावकरीच होते. नागालँडमध्ये बहुतेक जंगल गावांच्याच मालकीचे आहे. तिथे वोखा जिल्ह्यातल्या डोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये स्थलांतर करून आलेले अमूर ससाणे जाळ्यांनी धरून मारले गेले. अंदाज लाखाच्या वरचा होता. जगभर संताप झाला. यावरून सामुदायिक मालकी फोल ठरते, असे कोणी म्हणेल.

पण पुढच्या वर्षी काय झाले? पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी ठराव करून शिकार बंद केली, जाळी उतरवली, दंड ठरवला. २०१३ च्या हंगामात तिथे ससाण्यांची कत्तल झाली नाही. वन्यजीव कायदा २०१२ मध्येही होता आणि २०१३ मध्येही. फरक पडला तो निर्णय घेऊन तो पाळायला लावणारी गावसंस्था जागी असल्यामुळे. मालकी होती म्हणून शिकार झाली हे जितके खरे, तितकेच मालकी होती म्हणून ती एका वर्षात थांबवता आली हेही खरे. माणूस भला असण्यावर माझा युक्तिवाद उभा नाही. चूक लवकर कळावी, ती करणाऱ्याला जाब विचारता यावा आणि निर्णय बदलता यावा, अशी जागा कुठे आहे यावर तो उभा आहे. सामायिक कुरणाचा नाश अटळ असतो असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले, आणि ते वाक्य सरकारी कचेऱ्यांत आजही ऐकू येते. हार्डिन यांचे कुरण होते ते कोणाचेही नसलेले, सर्वांना मोकाट. गावाचे कुरण तसे कधीच नव्हते. त्याला सीमा, नियम, पाळ्या आणि दंड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा व्यवस्थांचा अभ्यास करून हा भेद दाखवला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. उलट, मोकाट कुरण खरोखर निर्माण झाले ते गावाचा हक्क काढून घेतल्यावर. नेपाळने १९५७ मध्ये जंगलांचे राष्ट्रीयीकरण केले आणि कागदावर सरकारी, प्रत्यक्षात बेवारस अशी ती झपाट्याने विरळ झाली. १९७८ पासून ती गावांकडे परत देण्याची सुरुवात झाली, १९९३ च्या कायद्याने वेग आला. १९९२ च्या सुमारास तिथे वनाच्छादन सुमारे २६ टक्के होते; २०१६ पर्यंत ते ४५ टक्क्यांच्या घरात पोहोचले. तरुण परदेशी गेले, शेते ओस पडली, हेही त्यामागचे कारण आहे. पण ओस पडलेल्या शेतातही जंगल उगवायला कोणीतरी त्याला जाळायचे थांबावे लागते.

महाराष्ट्रात हे कसे घडते, ते बांबूच्या एका बेटापाशी उभे राहिले तर नीट समजते. गडचिरोलीच्या जंगलातला मानवेल बांबू बेट करून वाढतो. नवे कोंब बेटाच्या कडेने येतात, जुने बांबू मध्यभागी दाटतात. बेट निरोगी राहायला हवे असेल तर एका बाजूने आत वाट काढून मधले पिकलेले बांबू जमिनीलगत, पेराच्या अगदी वर कापावे लागतात आणि कडेचे एक-दोन वर्षांचे कोवळे बांबू सोडावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे. अंगाला ओरखडे येतात, पायाखाली जुनी खुंटे टोचतात. कारखान्याच्या ठेक्यावर नगामागे मजुरी मिळणारा मजूर काय करेल? हाताला येतील ते कडेचे कोवळे बांबू कमरेच्या उंचीवर कापेल आणि पुढच्या बेटाकडे जाईल. मध्यभाग गुदमरतो, कडेला नवे येत नाही, काही वर्षांत बेट मरते. आता तोच मजूर, तीच कुऱ्हाड, तेच बेट. पण तीन वर्षांनी पुन्हा त्याच बेटातून त्याच्याच ग्रामसभेला उत्पन्न मिळणार आहे. तो आत शिरून मधला बांबू कापतो. त्याला कोणी पर्यावरणाचे व्याख्यान दिलेले नसते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना ठाऊक आहे; तिच्यामागचे कष्टाचे काम कमी लोकांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गोंड गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावून घेतली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखाते द्यायला तयार नव्हते, कारण १९२७ च्या कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते आणि झाड सरकारचे. वनहक्क कायद्यात मात्र बांबू स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. हक्क मिळूनही परवान्याचे एक पुस्तक मिळायला केंद्रीय मंत्र्याने गावात यावे लागते, यावरून वाट किती अडवलेली होती ते कळावे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने तेंदूचा व्यवहारच बंद केला. तेंदूपायी झाडांची छाटणी होते आणि वणवे लागतात, तेंदूची फळे, म्हणजे टेंभुर्णी, पाखरांना आणि जनावरांना मिळत नाहीत, असे त्यांचे मत झाले. ३४ हेक्टर जंगल त्यांनी काहीही न काढता राखून ठेवले. हमखास रोकड देणारे पीक जंगलासाठी सोडण्याचा निर्णय आजवर किती वनविभागांनी घेतला आहे?

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करतो. गाव म्हणजे एक कुटुंब नव्हे. त्यात जमीनवाला आहे आणि शेळीवर जगणारी विधवा आहे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीने राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारचे डोंगर हिरवे झाले आणि विहिरींना पाणी चढले, हे निर्विवाद. पण चराईबंदी होते तेव्हा पाण्याचा लाभ शेत असणाऱ्याला मिळतो आणि चाऱ्याचा तोटा शेत नसणाऱ्याला सोसावा लागतो. दर वर्षी मेंढरे घेऊन उतरणारा धनगर तर ग्रामसभेचा सदस्यही नसतो. बुरूड कारागीर तालुक्याच्या गावी राहतो. जंगल गावाचे झाले तर त्याने बांबू कोणाकडे मागायचा? सरपणाची मोळी आणायची कोणी आणि ती बंद करायचा ठराव करायचा कोणी, या प्रश्नात बाई आणि पुरुष एका बाजूला नसतात. या अन्यायांना ‘परंपरा’ म्हणून पांघरूण घालणाऱ्यांशी माझा वाद आहे. पण यावर उपाय म्हणून हक्क पुन्हा वनखात्याकडे द्यायचा, तर त्या विधवेची शेळी तिथे चरणार आहे का? तिथे तर तिला दाद मागायला ग्रामसभाही नाही. कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्कही कायद्यात लिहिलेला आहे. जिथे ही कलमे पाळली जात नाहीत तिथे ग्रामसभेचा ठराव रद्द व्हावा, अशी मागणी जंगलवाद्यांनी करावी. मी त्यांच्यासोबत उभा राहीन. राखणीचा भार कसा वाटावा याचा एक जुना नमुना ओडिशात आहे. तिथल्या गावांत ठेंगापाळी चालते. एका घरापुढे काठी ठेवली की त्या दिवशी जंगलाची फेरी त्या घराची; संध्याकाळी त्यांनी ती पुढच्या दारात ठेवायची. पाटील असो की भूमिहीन, काठी कोणाचे दार चुकवत नाही. नियम करणाऱ्यालाही जेव्हा उन्हात फिरावे लागते, तेव्हा नियम जरा माणसांना झेपतील असे होतात.

चौथा मुद्दा वाघाचा. काही जंगल निखळ वन्यप्राण्यांसाठी राहावे, तिथे माणसाचा वावर नको, हे मला पटते. गाभा क्षेत्राविरुद्ध मी नाही. पण वाघ नकाशा वाचत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी वनविभागात वाघ राहतात ते व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, भातशेती आणि गावांच्या मधोमध. तिथे दर उन्हाळ्यात माणसे मरतात. त्या वाघाचे भवितव्य शेवटी ठरणार आहे ते शेजारच्या गावाच्या सहनशक्तीवर. ज्या गावाला जंगलातून काहीच मिळत नाही, फक्त मृतदेह आणि पंचनामे मिळतात, त्याने वाघ का सोसावा? जंगल गावाचे असेल तर सोसणे सोपे होते असा दावा मी करत नाही. पण मोहफुले पहाटेऐवजी उजाडल्यावर, एकट्याने न जाता घोळक्याने वेचायची, अमुक नाल्याकडे या आठवड्यात जायचे नाही, असे नियम फक्त गावच करू शकते आणि पाळू शकते. वनखात्याच्या सूचनाफलकाने ते होत नाही.

मेंढा एक, पाचगाव एक. बाकी काय, असा शेवटचा आक्षेप असतो. एखाद्या असामान्य नेत्यावर उभी राहिलेली गोष्ट धोरण होऊ शकत नाही. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार नसते तर चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे राहिले असते का? कदाचित नसते. पण सरकारी जंगलही चांगल्या उपवनसंरक्षकाच्या काळात सुधारते आणि त्याच्या बदलीनंतर खालावते, हे खात्यातले लोक खासगीत मान्य करतात. त्यावरून वनखाते बरखास्त करा असे कोणी म्हणत नाही. दुसरे असे की एकट्या गडचिरोलीत हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि २०१३ पासून गडचिरोली-गोंदियातल्या ग्रामसभा स्वतः तेंदूचे लिलाव करू लागल्या. सगळे सुरळीत झाले नाही. काही हंगामांत ठेकेदारांनी पैसे थकवले, काही ठिकाणी हिशेबावरून भांडणे झाली. पण मजुरीसोबत विक्रीतला नफाही पहिल्यांदा वेचणाऱ्यांच्या हाती आला. ज्या गावांत कालपर्यंत वनरक्षक दिसला की बायका मोळी टाकून पळत, त्या गावांनी निविदा काढणे, फळीवर, म्हणजे तेंदू गोळा करायच्या जागी, पुडके मोजणे, बँक खाते चालवणे शिकून घेतले. वनखात्याला हे शिकायला दीडशे वर्षे मिळाली. गावांना दहा-पंधरा वर्षांत नापास ठरवण्याची घाई कशासाठी?

आणि जंगल फक्त कुऱ्हाडीने जात नाही. त्याचा मोठा तुकडा जातो तो खाण, धरण, रस्ता यांच्या फायलीवरच्या सहीने, आणि ती सही राखणदार म्हणवणाऱ्या यंत्रणेचीच असते. बदल्यात कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात भरपाईची रोपे लागतात. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो डोंगर राहिला. त्या खाणीला सरकारी परवानगीची पहिली पायरी आधीच मिळालेली होती. त्यानंतर ग्रामसभेच्या संमतीची अट हळूहळू पातळ करण्याचे प्रयत्न झाले. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तर केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांचा निपटारा नंतर राज्याने करावा, अशी उलटी वाट घातली. जंगलप्रेमी म्हणून वनहक्क कायद्याला विरोध करणाऱ्यांनी हे वाचावे आणि सांगावे: खाणीला ‘नाही’ म्हणू शकणारी दुसरी कोणती संस्था तुमच्या नजरेत आहे?

वनखाते नको, असे मला मुळीच म्हणायचे नाही. संघटित लाकूडतस्करांशी एकटे गाव लढू शकत नाही. अटक, जप्ती, वन्यप्राण्यांची सुटका, रोगराईचे निदान ही कामे खात्याचीच. झाडांची गणना, जुने नकाशे, कार्य आयोजनेतली, म्हणजे खात्याच्या जंगल-व्यवस्थापनाच्या आराखड्यातली, माहिती त्यांच्याकडे आहे. ती त्यांनी मराठीत, गोंडी-कोरकू बोलणाऱ्या गावाला समजेल अशी उलगडून द्यावी. ग्रामसभेने केलेला व्यवस्थापन आराखडा कार्य आयोजनेत सामावून घ्यायचा, असे कायदाच सांगतो. प्रत्यक्षात दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत पडून असतात. विदर्भाबाहेर तर आराखड्यापर्यंत जायचीही वेळ येत नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात सामूहिक दाव्यांची गाडी फारशी पुढे सरकलेली नाही. बिगरआदिवासी गावांना पंचाहत्तर वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा गोळा करावा लागतो आणि तो कागद अनेकदा वनखात्याच्याच दप्तरात असतो. तो गावाने मागेपर्यंत वाट न पाहता खात्याने स्वतःहून दाव्याला जोडावा, एवढा एक आदेश निघाला तरी कित्येक गावांची वर्षे वाचतील.

पैशाचेही तसेच. येत्या पावसाळ्याची उद्दिष्टे ठरतील तेव्हा खड्डे आणि रोपांसाठीच्या रकमेचा मोठा हिस्सा सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना पाच वर्षांच्या राखणीसाठी द्यावा: फेब्रुवारीत वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला, राखणदारांच्या मजुरीला, मोहाच्या झाडाखाली पाला जाळण्याऐवजी जाळी पसरायला, आणि चराई थांबेल त्या काळात शेळीवाल्या कुटुंबांच्या चाऱ्याला. किती रोपे लावली याऐवजी किती हेक्टर जळले नाही, हे दर जूनमध्ये ग्रामसभेत आणि वनखात्यासमोर एकत्र मोजावे. ज्या ग्रामसभेचे जंगल दोन वर्षे लागोपाठ जळेल किंवा जिच्या खात्याचा हिशेब वाचून दाखवला जाणार नाही, तिचा निधी थांबवावा. हक्क मात्र थांबवू नये. तो नव्या समितीकडे, त्याच गावात राहू द्यावा.